हेडली व्हेरिटी : यॉर्कशायरचा डावखुरा गोलंदाज

क्रिकेटच्या खेळातील थोर फलंदाज कोण, असा प्रश्न वर्गात विचारला असता सर डोनाल्ड ब्रॅडमन ह्यांचे नाव चहूकडून ऐकू येते. परंतु त्या ब्रॅडमनना कसोटी सामन्यांत सर्वांत अधिक वेळा, म्हणजे आठ वेळा, बाद करणारा गोलंदाज कोण, असे विचारताच वर्ग स्तब्ध होतो. जो उभा राहून धावा करितो त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहते. जो दिवसभर घाम गाळून चेंडू टाकितो तो विसरला जातो. अशाच एका पुरुषाचे चरित्र आम्ही ह्या अंकात सादर करीत आहोत. त्याच्या काळी त्याचे नाव सर्व क्रिकेटजगतास ठाऊक होते. आज ते आमच्या मुलांस अपरिचित झाले आहे, आणि ही उणीव दूर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हेडली व्हेरिटी ह्यांचा जन्म 18 मे 1905 रोजी इंग्लंडातील लीड्स शहराच्या हेडिंग्ले नामक भागात झाला. यॉर्कशायर काउंटीचे प्रसिद्ध क्रीडांगण ह्याच भागात आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा इंग्लंडचा एक विभाग होय. अशा विभागांचे संघ दर उन्हाळ्यात परस्परांशी सामने खेळतात, व सर्वांत सरस ठरणाऱ्या संघास अजिंक्यपद मिळते. त्या काळी यॉर्कशायरचा नियम मोठा कडक होता. ज्याचा जन्म त्या काउंटीच्या सीमेत झाला असेल त्यालाच तिच्या संघात प्रवेश मिळे. म्हणून तेथील खाणकामगारापासून गिरणीवाल्यापर्यंत प्रत्येकास हा संघ आपल्या घरचाच वाटे.

व्हेरिटी ह्यांचे वडील कोळशाच्या व्यवसायात होते. ते पाळक नव्हते, तथापि उपासनेच्या वेळी उपदेश करीत असत. मातोश्री शब्बाथशाळेत मुलांना शिकवीत. अशा घरात वाढलेल्या मुलास नियमितपणा, मितभाषण व कामाची लाज न बाळगणे हे गुण वेगळे शिकवावे लागले नाहीत. पुढे हे कुटुंब जवळच्या रॉडन गावी राहावयास गेले. हेडलीने चौदाव्या वर्षी शाळा सोडली व तो वडिलांच्या कोळशाच्या धंद्यात काम करू लागला. दिवसा कोळसा आणि सायंकाळी चेंडू, असा त्याचा क्रम होता. पुढे क्रिकेट हाच आपला व्यवसाय करावा असे त्याच्या मनाने घेतले. खेळाच्या मिळकतीचा भरवसा नव्हता, धंदा तर घरचा होता. तरी पित्याने मुलाच्या वाटेत धोंड घातली नाही. पालकांनी ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आता वाचकांस वाटेल की ह्यानंतर लागलीच यशाचे वर्णन येणार. परंतु तसे झाले नाही. रॉडन व हॉर्सफोर्थ येथील गावसंघांत व्हेरिटी कित्येक वर्षे खेळले. 1927 साली शेजारच्या लँकेशायरमधील अ‍ॅक्रिंग्टन येथे धंदेवाईक खेळाडू म्हणून त्यांनी एक हंगाम काढला. त्यात त्यांच्या हाती विशेष काही लागले नाही. पुढील दोन वर्षे ते मिडलटन येथे खेळले. ह्याच सुमारास वॉरिकशायर काउंटीने त्यांची परीक्षा घेतली व त्यांस नापसंत केले. मार्च 1929 मध्ये त्यांचा कॅथलीन मेटकाफ ह्यांच्याशी विवाह झाला, तेव्हा ते चोवीस वर्षांचेही नव्हते आणि कोणत्याही काउंटी संघात त्यांस जागा मिळालेली नव्हती. ज्या वयात दुसरे खेळाडू देशाकरिता खेळू लागतात त्या वयात हे गृहस्थ अद्याप उमेदवारच होते.

ह्या विलंबाचे एक कारण असे होते की यॉर्कशायरच्या संघातील डावखुऱ्या संथ गोलंदाजाची जागा रिकामीच नव्हती. विल्फ्रेड ऱ्होड्स हे 1898 सालापासून ती जागा सांभाळून होते. चार हजारांहून अधिक गडी बाद करणाऱ्या ह्या वृद्ध वीराने बावन्नाव्या वर्षापर्यंत चेंडू खाली ठेवला नाही. अशा वटवृक्षाखाली दुसरे रोप वाढावे कसे? कोणी निराश होऊन खेळ सोडला असता, कोणी वडीलधाऱ्यांस दूषणे दिली असती. व्हेरिटी ह्यांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. प्रथम ते मध्यम वेगाने चेंडू टाकीत असत. ती पद्धत त्यांनी बदलली व चेंडूस फिरकी देण्याची विद्या पहिल्यापासून शिकण्यास आरंभ केला. यॉर्कशायरचे शिक्षक जॉर्ज हर्स्ट ह्यांनी ह्या कामी त्यांना मार्ग दाखविला. हाताशी आलेली कला बाजूस सारून नवी कला हस्तगत करणे किती कठीण असते हे ज्यांनी चुकीच्या वळणाचे अक्षर सुधारण्याचा यत्न केला आहे त्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे.

1930 सालच्या मे महिन्यात, पंचविसाव्या वर्षी, ते प्रथमच यॉर्कशायरकडून खेळले. तो ऱ्होड्स ह्यांचा अखेरचा हंगाम होता. एकाच संघात गुरू निवृत्तीच्या वाटेवर व शिष्य प्रवेशद्वारी, असा तो योग होता. ऱ्होड्स हे स्तुतीच्या बाबतीत मोठे कृपण, पण चूक दाखविण्यात तत्पर होते. व्हेरिटी ह्यांनी त्या कठोर दृष्टीस आपला लाभ मानिले. त्या पहिल्याच हंगामात त्यांनी 64 गडी बाद केले, आणि प्रत्येक गड्यामागे सरासरी बारा-साडेबारा धावाच दिल्या. देशातील सर्व गोलंदाजांच्या सरासरीच्या यादीत त्यांचे नाव अग्रस्थानी आले. पुढे आपल्या थोरल्या मुलाचे नाव त्यांनी विल्फ्रेड ठेविले, ह्यावरून त्यांची कृतज्ञता दिसून येते.

1931 सालच्या मे महिन्याच्या 18 तारखेस त्यांचा सव्विसावा वाढदिवस होता. त्या दिवशी हेडिंग्ले येथे, म्हणजे जेथे ते जन्मले त्याच भागात, त्यांनी एका डावात प्रतिपक्षाचे दहाच्या दहा गडी 36 धावांत बाद केले. तो प्रतिपक्ष कोण होता? ज्याने त्यांना नापसंत केले होते तोच वॉरिकशायरचा संघ! त्याच वर्षी न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडकडून खेळण्याचा मान त्यांना मिळाला.

परंतु ज्या पराक्रमामुळे त्यांचे नाव क्रिकेटच्या इतिहासात अढळ झाले तो 12 जुलै 1932 चा. स्थळ पुन्हा हेडिंग्लेच, व प्रतिपक्ष नॉटिंगहॅमशायर. वादळी पाऊस पडून खेळपट्टी भिजली होती. त्या काळी खेळपट्टी पावसात उघडीच राहत असे. भिजलेल्या मातीवर ऊन पडू लागले म्हणजे ती चिकट होई, आणि तीवर पडलेला फिरता चेंडू एकाएकी उसळे किंवा वळे. तिसऱ्या दिवशी उपाहाराच्या वेळी नॉटिंगहॅमशायरच्या एकही गडी न गमावता 38 धावा झाल्या होत्या. उपाहारानंतर व्हेरिटी ह्यांनी सर्व दहा गडी बाद केले. त्यांत लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी गेले. एकूण धावा 67 झाल्या. व्हेरिटी ह्यांनी 19 षटके व चार चेंडू टाकले, त्यांपैकी 16 षटके निर्धाव गेली, आणि दहा धावांत दहा गडी पडले. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये एका डावातील ह्याहून सरस कामगिरी आजतागायत कोणीही केलेली नाही. नंतर यॉर्कशायरने एकही गडी न गमावता सामना जिंकला.

कोणी म्हणेल, ओल्या खेळपट्टीने हे यश दिले. आमचे उत्तर असे की, ओली खेळपट्टी त्या दिवशी सर्वांनाच समान होती; परंतु सोळा निर्धाव षटके टाकण्यासाठी प्रत्येक चेंडू नेमक्या जागी पडावा लागतो, व ती अचूकता पावसाबरोबर आकाशातून पडत नाही. तिच्यामागे गावच्या मैदानांवरील दहा वर्षे उभी होती. व्हेरिटी उंच होते. त्यांचा हात चेंडू सोडताना पुष्कळ वर येई व संथ गोलंदाजांच्या मानाने त्यांचा चेंडू वेगवान असे. प्रत्येक फलंदाजाच्या खोडी ते बारकाईने पाहून मनात नोंदवून ठेवीत. चेहऱ्यावर मात्र हर्ष अथवा खेद ह्यांचे चिन्ह नसे.

त्याच वर्षाच्या हिवाळ्यात डग्लस जार्डिन ह्यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियास गेला. त्या दौऱ्यात इंग्लंडच्या वेगवान गोलंदाजांनी फलंदाजांच्या अंगाच्या रोखाने आखूड चेंडू टाकिले. त्यामुळे दोन देशांत मोठी कटुता उत्पन्न झाली. ही नीती खेळाच्या सौजन्यास धरून होती असे आम्हांस वाटत नाही, व पुढे नियमकर्त्यांनीही तिला आळा घातला. व्हेरिटी संथ गोलंदाज असल्याने ते स्वतः तसे चेंडू टाकीत नसत. वेगवान गोलंदाज विसावा घेत असता एक बाजू सांभाळून धरावी, एवढेच काम त्यांच्याकडे होते. ते त्यांनी चोख बजाविले. आपल्या नायकाविषयी त्यांचा आदर मात्र अखेरपर्यंत ढळला नाही, आणि धाकट्या मुलास त्यांनी डग्लस हेच नाव दिले. ज्या नायकास जगाने दोष दिला त्याच्याशी निष्ठा राखणारा हा सद्गुण समजावा की दोष, ह्याचा विचार वाचकांनीच करावा. चरित्रनायकाचे गुण तेवढे सांगून अवघड जागा वगळणे हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

1933 सालच्या जुलै महिन्यात लेटन येथे एसेक्सविरुद्ध त्यांनी एकाच दिवसात 17 गडी 91 धावांत बाद केले. त्याच वर्षाअखेर जार्डिन ह्यांच्याच संघाबरोबर ते हिंदुस्थानात आले. ह्या भूमीवरील पहिला कसोटी सामना 15 डिसेंबर 1933 रोजी मुंबईच्या जिमखान्यावर सुरू झाला. लाला अमरनाथ ह्यांनी आपले प्रसिद्ध शतक काढिले ते ह्याच सामन्यात. तेव्हा समोर उभ्या असलेल्या गोलंदाजांत व्हेरिटीही होते. पुढे फेब्रुवारी 1934 मध्ये मद्रास येथे त्यांनी पहिल्या डावात 49 धावांत सात व दुसऱ्या डावात 104 धावांत चार गडी बाद करून सामना इंग्लंडच्या बाजूस झुकविला. तीन सामन्यांत मिळून त्यांनी 23 गडी घेतले. तथापि आमचे लोकही हे पाठ गिरवीत होते. 1936 साली मँचेस्टर येथे व्हेरिटीसारखा गोलंदाज समोर असता आपल्या मुंबईचे विजय मर्चंट व मुश्ताक अली ह्यांनी पहिल्या गड्याकरिता 203 धावांची भागी केली, व दोघांनीही शतके झळकाविली.

1934 सालचा लॉर्ड्सवरील ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणावा लागेल. इंग्लंडच्या 440 धावांना उत्तर देताना शनिवारी सायंकाळी ऑस्ट्रेलियाच्या दोन गड्यांच्या मोबदल्यात 192 धावा झाल्या होत्या. रविवारच्या विश्रांतीत पाऊस आला. सोमवारी, म्हणजे 25 जूनला, व्हेरिटी ह्यांनी एका दिवसात 14 गडी बाद केले. पहिला डाव 284 वर संपला व केवळ सात धावा कमी पडल्यामुळे ऑस्ट्रेलियास लागलीच पुन्हा खेळावे लागले. दुसरा डाव 118 वर आटोपला. संपूर्ण सामन्यात व्हेरिटी ह्यांचे 15 गडी झाले, आणि ब्रॅडमन दोन्ही डावांत त्यांनाच बळी पडले. विसाव्या शतकात लॉर्ड्सवर इंग्लंडने ऑस्ट्रेलियास हरविले ते एवढ्या एकाच वेळी. पुढचा विजय उजाडण्यास 2009 साल यावे लागले.

यॉर्कशायरसाठी ते दहा हंगाम खेळले, आणि त्यांपैकी सात हंगामांत त्या काउंटीने अजिंक्यपद मिळविले. 1935, 1936 व 1937 ह्या तिन्ही वर्षी त्यांनी दोनशेहून अधिक गडी बाद केले. पहिल्या दर्जाच्या सर्व सामन्यांत मिळून 1,956 गडी, आणि 40 कसोटी सामन्यांत 144 गडी, असा त्यांचा हिशेब आहे. आणखी एखादा हंगाम मिळता तर दोन हजारांचा आकडा सहज पुरा झाला असता. परंतु तो हंगाम यावयाचा नव्हता.

1938 साली म्युनिक येथील कराराच्या सुमारास युद्धाचे ढग जमू लागले. हिंदुस्थानच्या दौऱ्यात त्यांची ग्रीन हॉवर्ड्स ह्या यॉर्कशायरच्या पलटणीतील कर्नल शॉ ह्यांच्याशी ओळख झाली होती. त्यांच्याकडून युद्धशास्त्रावरील पुस्तके मागून घेऊन व्हेरिटी ह्यांनी अभ्यास आरंभिला. दुसरा एखादा खेळाडू टाळ्यांच्या कडकडाटात दंग राहिला असता. हा मात्र पुढील कर्तव्याची तयारी करीत होता.

1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर चाल केली. त्या दिवशी यॉर्कशायरचा संघ दक्षिणेस होव्ह येथे ससेक्सशी खेळत होता. तो सामना ससेक्सच्या जिम पार्क्स ह्यांच्या साहाय्यार्थ भरविला होता, म्हणून तो मध्येच थांबविला गेला नाही. व्हेरिटी ह्यांनी सहा षटकांत नऊ धावा देऊन सात गडी बाद केले, आणि ससेक्सचा डाव 33 धावांत संपला. नंतर सारा संघ मोटारगाडीत बसून घराकडे निघाला. रस्त्यावरील दिवे मालविलेले होते. तिसऱ्या दिवशी युद्ध पुकारले गेले. हेडली व्हेरिटी काउंटीकरिता पुन्हा कधीही खेळले नाहीत.

ते आपण होऊन ग्रीन हॉवर्ड्स पलटणीत दाखल झाले व पुढे कॅप्टन झाले. 1942 साली पलटणीबरोबर ते पुनरपि ह्या देशात आले, परंतु ह्या खेपेस टाळ्या नव्हत्या, हारतुरे नव्हते. पलटणीचा तळ रांची येथे होता. तेथे ते आमांशाने बरेच आजारी पडले. पुढे इराण, इजिप्त असा प्रवास करीत ही पलटण जुलै 1943 मध्ये सिसिली बेटावर उतरली.

19 जुलैच्या रात्री कटानियाच्या मैदानात चढाईचा हुकूम झाला. व्हेरिटी आपल्या तुकडीच्या अग्रभागी होते. वाटेत उभ्या पिकाचे शेत होते. शत्रूच्या माऱ्याने त्या पिकास आग लागली, व ज्वाळांच्या उजेडात शिपाई स्पष्ट दिसू लागले. तशा स्थितीत व्हेरिटी पुढे जात असता त्यांच्या छातीत जखम झाली. तुकडीने न थांबता पुढे जावे व ज्या शेतघरातून मारा होत आहे तेथून शत्रूस हुसकावून लावावे, अशी आज्ञा त्यांनी जमिनीवर पडल्या पडल्या दिली. अखेर तुकडीस माघार घ्यावी लागली. त्यांचा सेवक शिपाई थॉमस रेनॉल्डसन मात्र त्यांच्याजवळच राहिला. दोघेही शत्रूच्या हाती सापडले. जखमी कैदी म्हणून व्हेरिटी ह्यांना समुद्र ओलांडून इटलीत नेण्यात आले. कासर्टा येथील रुग्णालयात त्यांजवर शस्त्रक्रिया झाली, परंतु 31 जुलै 1943 रोजी त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अडतीस वर्षांचे होते. घरी पत्नी व दोन लहान मुले वाट पाहत होती. मृत्यूची वार्ता इंग्लंडात जाहीर झाली ती 1 सप्टेंबर रोजी. होव्ह येथील शेवटच्या खेळास त्या दिवशी बरोबर चार वर्षे पुरी झाली होती.

कासर्टा येथील युद्धस्मशानात त्यांची कबर आहे. 1954 साली लेन हटन ह्यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियास जात असता जहाज नेपल्स बंदरास लागले. तेव्हा होव्हच्या त्या शेवटच्या सामन्यात त्यांच्यासमवेत खेळलेले हटन ह्यांनी मुद्दाम वाट वाकडी करून आपल्या सोबत्याच्या कबरेचे दर्शन घेतले.

शुभवर्तमानातील रुपयांचा दाखला आमच्या मुलांस पाठ आहे. धन्याने चाकरांस विचारले ते एवढेच, की मिळालेल्या भांडवलाचे तुम्ही काय केलेत. कोणास ते किती वर्षांनी मिळाले, ह्याची चौकशी त्याने केली नाही. व्हेरिटी ह्यांस संधी उशिरा मिळाली व ती लवकर हिरावली गेली. मध्ये केवळ दहा वर्षे त्यांच्या हाती होती. आमच्या शाळेचा संघ निवडला जातो तेव्हा अकरा नावे फळ्यावर लिहिली जातात, आणि ज्यांची नावे तेथे नसतात अशी कित्येक मुले खाली मान घालून घरी जातात. हे चरित्र आम्ही विशेषतः त्या मुलांकरिता लिहिले आहे. नाव नसल्याचे दुःख आम्ही खोटे मानीत नाही. मात्र उद्या सायंकाळी त्यांनी पुन्हा मैदानावर यावे, चेंडू हाती घ्यावा, व कालची एक चूक आज सुधारावी. फळ्यावर नाव लिहिणे हे दुसऱ्याच्या हाती आहे. तयार असणे हे आपल्या हाती आहे. हेडली व्हेरिटी हे अखेरपर्यंत तयार होते, मैदानावर आणि रणांगणावरही.